चमचाभर हळदीतून काय काय वेगळं काढता येतं

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा चालू असतो तेव्हा खरेदीदार हळकुंड उचलतो, मोडतो आणि मोडलेल्या जागी रंग बघतो. वरच्या सालीवर तो फारसा विश्वास ठेवत नाही. पॉलिशच्या ड्रममध्ये सालीवर रंग चढवता येतो, पण गाभ्यात तो शिरत नाही. ही तपासणी साधी असली तरी पक्की आहे. अडचण पुढे येते, कारण हळकुंडाची पूड झाली की आतलं आणि बाहेरचं असा फरकच उरत नाही. पिवळी हळद, पिवळा रंग, पांढरा खडू, पीठ, माती असं सगळं एकाच पुडीत बसतं आणि डोळ्याला एकसारखं दिसतं. मग हे घटक पुन्हा वेगळे करावे लागतात. ते काम कुठे पाण्यानं होतं, कुठे स्पिरिटनं, कुठे आम्लानं, तर कुठे आगीनं.

रासायनिक विश्लेषण म्हटलं की ‘हा पदार्थ कोणता?’ हा प्रश्न पुढे येतो. पण मिश्रणात त्याआधी एक पायरी असते: वेगळं करणं. वेगळं न करता ओळखायला गेलं की एका घटकाचा रंग दुसऱ्याचा रंग झाकतो आणि चाचणी खोटं बोलते. हळदीत हे फार होतं, कारण हळद स्वतःच रंग बदलणारी आहे.

आधी खऱ्या हळदीत काय असतं ते बघू. सगळ्यात मोठा भाग स्टार्चचा. त्याखाली तंतू, प्रथिनं, थोडं सुगंधी तेल आणि पिवळा रंग देणारी कर्क्युमिनॉइड्स. अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे हळद पुडीत ओलावा १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, स्टार्च ६० टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि कर्क्युमिनॉइड्स किमान २ टक्के हवीत. म्हणजे ज्या रंगावरून आपण हळद ओळखतो तो वजनानं अगदी थोडा असतो. म्हणूनच हलक्या मालात चिमूटभर कृत्रिम रंग टाकून तो उजळवता येतो. भेसळीत मुख्यतः दोन रंग सापडतात. एक मेटॅनिल यलो, हा कापड-चामड्याचा रंग असून खाण्यात त्याला परवानगी नाही. दुसरा लेड क्रोमेट, म्हणजे शिसं आणि क्रोमियम असलेलं पिवळं रंगद्रव्य. वजन वाढवायला खडूची भुकटी आणि पीठ वापरतात.

या सगळ्यांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. मेटॅनिल यलो पाण्यातही विरघळतो आणि स्पिरिटमध्येही. कर्क्युमिन, म्हणजे कर्क्युमिनॉइड्समधलं मुख्य रंगद्रव्य, स्पिरिटमध्ये सहज विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. खडू दोन्हींत विरघळत नाही, पण आम्लात फसफसून विरघळतो. लेड क्रोमेट पाण्याला आणि स्पिरिटला दाद देत नाही, आणि जाळलं तरी त्यातले धातू राखेत राहतात. वाळू तर आम्लालाही बधत नाही. पाणी, स्पिरिट, आम्ल, आग हा क्रम लावला की प्रत्येक टप्प्यावर एक घटक बाजूला पडतो. क्रम उलटा करून चालत नाही. आधी स्पिरिट घातलं तर कर्क्युमिन आणि मेटॅनिल दोन्ही एकदमच उतरतात आणि आपण होतो तिथेच राहतो.

नमुना

पोत्याच्या तोंडाशी दिसणारी हळद म्हणजे सगळं पोतं नव्हे. हादऱ्यांनी बारीक आणि जड कण खाली जातात, त्यामुळे वरचा नमुना नेहमी जास्त चांगला दिसतो. पोकळ नळी खुपसून वरून, मधून आणि तळातून हळद काढायची, कागदावर एकत्र करून ढीग करायचा, तो चपटा करायचा आणि भाकरीचे करतो तसे चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे दोन बाजूला काढायचे, पुन्हा मिसळून पुन्हा चार भाग. शेवटी ५० ग्रॅम उरले की पुरे. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण चुकलेल्या नमुन्यावर कितीही महागडं यंत्र लावलं तरी आकडा चुकीचाच येतो.

नमुन्याशेजारी आणखी दोन गोष्टी हव्यात. एक खात्रीची हळद: हळकुंड आणून, धुऊन, वाळवून घरी कुटलेली. दुसरी कोरी चाचणी, म्हणजे हळद न घालता फक्त पाणी, स्पिरिट आणि आम्ल. तिन्ही नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवूनच सुरुवात करायची. तीन नळ्यांत पिवळं पाणी भरल्यावर कोणती कुठली हे कुणालाच आठवत नाही.

पाण्याची पायरी

काचेच्या ग्लासात साधं थंड पाणी घ्या, वर एक चमचा हळद टाका आणि न ढवळता ठेवा. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळसर राहतं. पाण्यात विरघळणारा रंग घातला असेल तर हळद खाली जाताना मागे गडद पिवळे धागे सुटतात. गरम पाणी वापरू नका. गरम पाण्यात शुद्ध हळदसुद्धा बरीच पिवळी उतरते आणि चांगला माल वाईट ठरतो.

पाणी पिवळं झालं म्हणजे लगेच मेटॅनिल असं नाही. टार्ट्राझिनसारखे दुसरे रंगही पाण्यात उतरतात. इथे लोकरीची जुनी युक्ती कामाला येते. मेटॅनिल, टार्ट्राझिन यांसारखे कृत्रिम आम्लरंग, म्हणजे आंबट पाण्यातून लोकरीवर चढणारे रंग, लोकरीला पक्के धरतात. माण-खटावकडे मेंढरं भरपूर, त्यामुळे न रंगवलेली पांढरी लोकर मिळायला अडचण नाही. फक्त तिच्यातली चरबी आधी काढावी लागते. चिमूटभर धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात ती पाच मिनिटं उकळायची आणि स्वच्छ धुवायची. मग हळदीचं थंड पाणी कागदातून दोनदा गाळायचं, साधारण ५० मिलिलिटर गाळलेल्या पाण्यात एक चमचा व्हिनेगर घालायचं आणि एक वीतभर लोकर त्यात दहा मिनिटं मंद उकळायची. लोकर पिवळी होईल. पण थांबायचं नाही, कारण थोडंफार कर्क्युमिनही लोकरीला चिकटतं. लोकर थंड पाण्यानं धुऊन २० मिलिलिटर पाण्यात अमोनियाचे पाच-सहा थेंब टाकून त्यात गरम करा. आम्लरंग लोकर सोडून पाण्यात येतो. लोकर काढून टाका, पाण्यात व्हिनेगर घालून ते आंबट करा आणि नवी पांढरी लोकर उकळा. ही दुसरी लोकर स्वच्छ पिवळी झाली तर रंग कृत्रिम. कर्क्युमिन अल्कलीत (अमोनिया, सोडा अशा आम्लाच्या उलट स्वभावाच्या पदार्थांत) तांबूस होतं आणि काही मिनिटांतच मोडायला लागतं, म्हणून शुद्ध हळदीची दुसरी लोकर फिकी, मळकट राहते.

आम्लाची चाचणी, आणि ती कुठे फसवते

सगळ्यात जास्त सांगितली जाते ती हीच चाचणी, आणि सगळ्यात जास्त चुकीची केली जाते तीही हीच. पाव चमचा हळद, ३ मिलिलिटर स्पिरिट, हलवायचं, आणि वरून तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे दहा थेंब. गुलाबी रंग आला की मेटॅनिल यलो.

चूक अशी की आम्ल फार झालं तर शुद्ध हळदसुद्धा लाल होते. खूप तीव्र आम्लात कर्क्युमिनचा रंगच बदलतो. मग फरक करायचा कसा? पाणी घालून. पीएच हा आम्लपणाचा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल तीव्र. मेटॅनिल यलो साधारण १.२ ते २.३ पीएचच्या दरम्यान लालचा पिवळा होतो. कर्क्युमिनला लाल राहायला त्याहून कितीतरी तीव्र आम्ल लागतं. म्हणून नळीत एक-दोन चमचे पाणी घातलं की कर्क्युमिनची लाली लगेच उतरते आणि मेटॅनिलचा गुलाबी टिकून राहतो. पण इथेही हात आवरायला हवा. हिशेब बघा: दहा थेंब तीव्र आम्ल म्हणजे साधारण अर्धा मिलिलिटर. ते १०० मिलिलिटर पाण्यात पसरलं तर पीएच १.२ च्या आसपास पोचतो, अर्धा लिटरमध्ये पसरलं तर २ च्या जवळ. तेवढ्या पाण्यात मेटॅनिलचाही गुलाबी उतरतो आणि भेसळीची हळद शुद्ध ठरते. म्हणून पाणी मोजून, चमच्याचमच्यानं घालावं आणि खात्रीच्या हळदीची नळी शेजारी धरून बघावं. आणखी एक: टार्ट्राझिन या आम्लात पिवळाच राहतो. गुलाबी आला नाही म्हणजे रंग घातलेला नाही, असं म्हणता येत नाही. तिथे लोकरच साक्ष देते.

आम्ल शाळेच्या किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं घ्यावं. बाथरूम धुवायच्या बाटलीतलं घेऊ नये, त्यात स्वतःचा रंग आणि साबण असतो. पातळ करायचं असेल तेव्हा आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. चष्मा आणि हातमोजे लागतात, आणि स्पिरिट उघडं असताना जवळ ज्योत नको.

कागदावर वेगळं करणं

शाळेच्या पुस्तकात याला रंजकद्रव्य पृथक्करण म्हणतात, प्रयोगशाळेत क्रोमॅटोग्राफी. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खडूची भुकटी भरलेल्या नळीतून पानांचा रस उतरवला आणि हिरव्या रंगाचे वेगवेगळे पट्टे पाडले. कल्पना अशी: द्रावक पुढे सरकताना रंगाला सोबत ओढतो, आणि कागद किंवा खडू त्याला धरून ठेवू बघतो. ज्याला द्रावक जास्त आवडतो तो पुढे जातो, ज्याला कागद आवडतो तो मागे राहतो.

हात बसवायला काळ्या स्केचपेनची शाई घ्या. गाळणकागदाची अडीच सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर लांब पट्टी कापा. तळापासून २ सेंटिमीटरवर पेन्सिलीनं रेघ मारा. पेनानं मारली तर रेघच पसरत वर चढेल. रेघेवर मोहरीच्या दाण्याएवढा ठिपका द्या, वाळू द्या, त्याच जागी आणखी दोनदा द्या. उभ्या बरणीत चिमूटभर मीठ घातलेलं पाणी फक्त १ सेंटिमीटर भरा, पट्टी बाजूंना न टेकता लटकवा आणि झाकण लावा. पाणी वरच्या टोकापासून बोटभर खाली आलं की पट्टी काढा आणि पाण्याची हद्द लगेच पेन्सिलीनं खूण करा. वाळल्यावर ती हद्द दिसेनाशी होते आणि सगळी मापं वाया जातात. ठिपका जिथून निघाला तिथून तो किती चढला, भागिले पाणी किती चढलं, हा आला आरएफ. रंग ६ सेंटिमीटर आणि पाणी १० सेंटिमीटर चढलं असेल तर आरएफ ०.६. हा आकडा एकट्यानं काही ओळखत नाही. कागद बदलला, उष्णता बदलली की तोही हलतो. म्हणून ओळखीचा रंग त्याच पट्टीवर शेजारी चढवावा लागतो.

बिघडतं ते बहुतेक वेळा ठरावीक जागी. पाण्याची पातळी रेघेच्या वर असली तर ठिपका वर चढण्याऐवजी बरणीतच विरघळतो. ठिपका जाड झाला तर लांब शेपूट निघते आणि दोन रंग एकमेकांत मिसळतात. पट्टी काचेला टेकली की पाणी एका कडेनं धावतं. झाकण नसेल तर द्रावक वाटेतच उडतो.

हळदीसाठी प्रयोगशाळेत कागदाऐवजी सिलिका लावलेली पातळ पट्टी आणि क्लोरोफॉर्म-मिथेनॉल यांचं मिश्रण वापरतात. क्लोरोफॉर्म विषारी असल्यानं हे काम धूर ओढून नेणाऱ्या कपाटातच होतं. त्या पट्टीवर शुद्ध हळदीचे तीन पिवळे ठिपके एकाखाली एक पडतात. सगळ्यात वर कर्क्युमिन, त्याखाली डिमेथॉक्सिकर्क्युमिन, त्याखाली बिसडिमेथॉक्सिकर्क्युमिन. चौथा ठिपका दिसला की संशय घ्यायचा. नोटा तपासायच्या अतिनील दिव्याखाली कर्क्युमिनॉइड्स हिरवट-पिवळी चमकतात, मेटॅनिल यलो चमकत नाही. त्याच चौथ्या ठिपक्यावर आम्लाचा थेंब टाकला आणि तो गुलाबी-जांभळा झाला, तर आता ओळख पटली. ही तीच आम्लचाचणी आहे. फरक एवढाच की आता मेटॅनिल एकटा उभा आहे, त्याला झाकायला कर्क्युमिन नाही.

खडू, पीठ आणि आयोडीनची गफलत

खडूसाठी हळद आधी पाण्यात भिजवून पाच मिनिटं ठेवावी. कोरड्या पुडीवर आम्ल टाकलं तर पुडीत अडकलेली हवा बुडबुडे होऊन वर येते आणि खडू नसतानाही फसफसल्यासारखं दिसतं. भिजलेल्या हळदीत विरल आम्ल टाकून जो वायू निघेल तो नळीनं चुन्याच्या निवळीत सोडायचा. खायचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर झाकून ठेवला की सकाळी वर निवळी मिळते. ती दुधाळ झाली तर कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कार्बोनेट. वायू सोडतच राहिलात तर दुधाळपणा पुन्हा नाहीसा होतो, म्हणून पहिल्या मिनिटाकडे लक्ष हवं. गुळात सोडा घातलाय का, हेही याच पद्धतीनं कळतं.

पिठासाठी आयोडीनची चाचणी सगळ्यांना माहीत आहे, आणि दुधाला ती चांगली लागू पडते. दूध उकळून थंड करायचं आणि आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकायचे. गरम दुधात टाकले तर स्टार्च असूनही निळा रंग येत नाही, उष्णतेनं तो जातो. हळदीला मात्र ही चाचणी अजिबात लावू नये. हळदीत स्वतःचाच स्टार्च भरपूर असल्यानं शुद्ध हळदही निळी-काळी होते. तिथे सूक्ष्मदर्शक लागतो. हळद काहिलीत शिजवलेली असते, त्यामुळे तिचा स्टार्च फुगून गोळा झालेला दिसतो. वरून घातलेल्या कच्च्या पिठाचे दाणे अखंड असतात आणि ध्रुवित प्रकाशात (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशात) त्यांच्यावर काळी फुली उठते.

राख आणि शिसं

मुशीत हळद ठेवून आधी मंद आचेवर धूर संपेपर्यंत जाळायची, मग ५५० अंशांच्या भट्टीत राख पांढुरकी होईपर्यंत ठेवायची. घाईनं थेट भट्टीत ठेवली तर पूड पेटून उडते आणि वजन कमी भरतं. मूस गरम असताना तोलायची नाही. तिच्याभोवतीची तापलेली हवा वर चढते आणि तराजू कमी दाखवतो. डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, थंड करून तोलायची, आणि लागोपाठची दोन वजनं जुळेपर्यंत पुन्हा तापवून पुन्हा तोलायची.

उदाहरण म्हणून आकडे घेऊ. २.००० ग्रॅम हळद, ओलावा ८ टक्के, म्हणजे कोरडी हळद १.८४० ग्रॅम. राख निघाली ०.१३६ ग्रॅम. कोरड्या वजनावर ती ७.४ टक्के होते, मर्यादा ९. मग राख विरल हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून राख न सोडणाऱ्या कागदातून गाळायची, गाळून खाली येणाऱ्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब पांढरा होईनासा होईपर्यंत कागदावर उरलेलं धुवायचं आणि कागदासकट पुन्हा जाळायचं. उरले ०.०२१ ग्रॅम, म्हणजे १.१ टक्के. इथे मर्यादा १.५. ही उरलेली गोष्ट मुख्यतः वाळू-माती. नीट न धुतलेल्या हळकुंडात हा आकडा भेसळ नसतानाही चढतो.

लेड क्रोमेटसाठी २ ग्रॅम हळदीची वेगळी राख घेतात. एक भाग सल्फ्युरिक आम्ल आणि सात भाग पाणी अशा मिश्रणाचे ४-५ मिलिलिटर घालून गाळतात आणि ०.२ टक्के डायफिनाइलकार्बाझाइडचं अल्कोहोलमधलं द्रावण १ मिलिलिटर टाकतात. गुलाबी रंग आला तर क्रोमेट आहे. शिशासाठी पोटॅशियम आयोडाइड टाकून पिवळा साका बघण्याचा मोह होतो, पण क्रोमेट आयोडाइडमधून आयोडीन मोकळं करतं आणि सगळं तपकिरी होतं. त्यात पिवळं काय आणि तपकिरी काय हे कळत नाही. शिवाय हळदीत शिशाची मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम आहे, आणि इतकं थोडं शिसं डोळ्याला दिसणाऱ्या कुठल्याच साक्यात येत नाही. त्यासाठी अणुशोषण यंत्र किंवा क्ष-किरणांनी मोजणारं एक्सआरएफ यंत्र लागतं. शिशाबाबत घरच्या चाचणीवर विसंबून राहू नका. शंका आली तर नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच द्यायचा. लेकरांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि तो भरून निघत नाही.

हळद जेव्हा स्वतःच तपासनीस होते

खात्रीच्या हळदीचा स्पिरिटमधला अर्क गाळून त्यात गाळणकागदाच्या पट्ट्या भिजवा आणि अंधारात वाळवा. उन्हात कर्क्युमिन फिकं पडतं. ही झाली हळद पट्टी. साबणाचं किंवा सोड्याचं पाणी लागलं की ती तांबडी होते. हळदीच्या डागावर साबण लावल्यावर जे होतं तेच हे.

दुधात टिकाऊपणासाठी बोरिक पावडर घातलीय का हे याच पट्टीनं तपासतात. ओळखीचा नमुना म्हणून कॅरमची पावडर घ्या, ती बहुधा बोरिक पावडरच असते. पाण्यात चिमूटभर विरघळवून हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाका, पट्टी बुडवा आणि वाळवा. वाळताना ती तांबूस-लाल होते. सोड्यानंही पट्टी लाल होते, मग फरक काय? सोड्याची लाली आम्लाच्या थेंबानं परत पिवळी होते. बोरिकची लाली आम्लातच तयार झालेली असल्यानं आम्लाला घाबरत नाही. तिच्यावर अमोनियाचा थेंब टाकला की ती हिरवट-काळी होते, आणि सोड्यानं लाल झालेली पट्टी लालच राहते. दुधाचा नमुना याच रीतीनं, कॅरमच्या पावडरीची आणि साध्या पाण्याची पट्टी शेजारी ठेवून बघायचा.

हळद, लिंबाचा रस आणि टाकणखार (बोरॅक्स) एकत्र खलून कुंकू करण्याची जुनी रीत याच अभिक्रियेवर उभी आहे. टाकणखारातून बोरॉन येतो, लिंबातून आम्ल, आणि मिश्रण वाळत जाईल तसा लाल चढतो.